नाहीदने उभा केलेला मांडव

आलापल्लीत नाहीद बिलाल शेख कुठे राहते असं विचारलं तर लोक डोकं खाजवतील. महेक झेरॉक्सवाली कुठे, असं विचारा. मग पानठेल्यावरचा माणूस मानसुद्धा न वळवता बसस्टँडकडे बोट दाखवेल. महेक ही तिची मुलगी, दुकानाला तिचं नाव. त्याच बसस्टँडवर मी वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरीची शेवटची वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर दुसरीकडे कुठे जायचं सुचेना, म्हणून सकाळी तिच्या दुकानासमोरच्या बाकावर पेपर वाचत बसू लागलो. मी चिडका माणूस आहे. गोड बोलणाऱ्याचा मला पहिल्या वाक्यापासून संशय येतो. नाहीदशी माझं जमलं त्याचं कारण एवढंच की ती कोणाशी गोड बोलत नाही. आधारची झेरॉक्स एकाच बाजूने काढून नेणाऱ्याला ती तोंडावर सांगते की उद्या परत यावं लागेल, आणि तो उद्या परत येतो.

तिचे वडील इनायतभाई सुतार. गावातल्या जुन्या घरांत सागवानाचं एखादं तरी कपाट त्यांच्या हातचं असतंच. मुलीने मात्र रंध्याऐवजी कीबोर्ड धरला. चंद्रपूरला बीसीए केलं आणि ती वर्षं घुग्घुसला खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घरी राहून काढली. खालाचा मुलगा दानिश तिच्याहून लहान. घरात कॉम्प्युटर एकच, तेव्हा एकाने टाइप करायचं आणि दुसऱ्याने मागे बसून चुका काढायच्या. खालू कोळशाच्या खाणीत पाळीवर गेले की ही दोघं त्या कॉम्प्युटरला चिकटलेली. पुढे दानिश पुण्याला एका कंपनीत लागला, नाहीद लग्न होऊन आलापल्लीला परतली, पण फोन सुटला नाही. आपाला, म्हणजे नाहीदला, विचारल्याशिवाय दानिशचं पान हलत नसे, आणि दानिशने सांगितलं म्हणजे ते खरंच असणार, असं आपा धरून चाले. हे दुसरं मला आधीपासून खटकत होतं.

आता कोसमटोल्याचं सांगतो. कोसमटोला आणि त्याच्या आसपासचे टोले, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्त्या, यांना सामूहिक वनहक्क मिळालेला. तेंदूपत्ता कोणाला विकायचा, बांबू कुठला तोडायचा, कुठला राखायचा, हे त्यांच्या सभा ठरवतात. त्यांची ठरवायची रीत अशी की हात मोजत नाहीत. बहुमत वगैरे भानगड नाही. शेवटच्या माणसाला पटेपर्यंत बोलत राहायचं. कोणी एकाने 'थांबा' म्हटलं की सगळे थांबतात, त्याचं काय म्हणणं आहे ते पूर्ण ऐकतात, आणि मगच पुढे जातात. एका टोल्यात हे जमतं. पण मध्ये नाले, जंगल, पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते, अशा सगळ्या टोल्यांत मिळून कसं जमायचं? एका टोल्यात ठरलेलं दुसऱ्या टोल्यात पोहोचेपर्यंत वेगळंच होऊन जाई. व्हॉट्सअपचा ग्रुप केला होता. ज्याने केला त्या पवनचा फोन नाल्यात पडला आणि ग्रुपच बिनमालकाचा झाला. ठराव टाइप करायला सगळे नाहीदकडेच येत, त्यामुळे हा गोंधळ सगळ्यांत आधी तिला दिसे. दोन टोल्यांचे दोन ठराव एकमेकांच्या विरुद्ध, आणि दोघांनाही वाटतंय आपलं एकमत आहे.

तिने दानिशला विचारलं. दानिश म्हणाला, आमच्याच कंपनीने यासाठी एक गोष्ट बनवली आहे. नाव 'मांडव'. वेगवेगळ्या ठिकाणची माणसं इंटरनेटवर एकाच कागदावर लिहू शकतात, त्यावर बोलू शकतात, आक्षेप घेऊ शकतात, आणि झालेलं सगळं जपून राहतं. शिवाय ओपन सोर्स आहे. फुकट आहे असं तो म्हणाला असता तर नाहीदने कान दिला नसता. फुकटचं काय असतं ते झेरॉक्सवालीला ठाऊक असतं. ओपन सोर्स म्हटल्यावर तिचे डोळे चमकले, कारण या शब्दावर कॉलेजात तिचा जीव जडला होता.

कोसमटोल्याच्या गोटुलात, म्हणजे सभा बसते त्या घरात, तिने ते समजावून सांगितलं तेव्हा मी सोबत होतो, रिकामटेकडा म्हणून. ती म्हणाली, यंत्राला जे काय सांगायचं ते लिहून ठेवलेलं असतं, त्याला कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या ते कुलपात ठेवतात. याचा कोड कोणीही वाचायचा, कोणत्याही कामाला वापरायचा, हवा तसा बदलायचा, आणि बदललेला दुसऱ्याला द्यायचा. कोणाची परवानगी नाही. सभेचं काम पाहणारा इसरूभाऊ सावकाश बोलणारा माणूस. त्याने विचारलं, मालक कोण? नाहीद म्हणाली, कोणी नाही, ज्यांनी ज्यांनी केलं त्या सगळ्यांचं. उद्या कंपनी बुडाली तर? तर आपण आपल्या कॉम्प्युटरवर चालवू.

इसरूभाऊने हे गोंडीत सगळ्यांना सांगितलं आणि शेवटी आमच्यासाठी मराठीत म्हणाला, "नाल्यासारखं आहे. सारे पेतेत, बांध कोणी नाई घालत."

तरी काम अडलं ते सोमारीबाईवर. टोल्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, तेव्हा मांडव गोंडीत बोलला तरच उपयोग. आणि बोलायचं तर सोमारीबाईने, यावर सगळ्यांचं एकमत. त्या बाईने नाल्याच्या या काठावरून हाक मारली की त्या काठावरची गुरंसुद्धा थांबत. तिचा शब्द आसपासच्या टोल्यांत मानत, लग्नाचं अडलं तरी तिलाच बोलावत. ती मात्र हो म्हणेना. माझा आवाज तिकडे कोण वापरेल, एवढाच तिचा प्रश्न. संध्याकाळी सभा बसे आणि तिथेच अडे. नाहीदने तिला फसवलं असतं तर सोपं होतं. तिने खरं ते सांगितलं.

"कोणीबी वापरू शकल, बाई. चांगला वापरल, वाईट वापरल. खुलं म्हणजे साऱ्यायले खुलं. पण तुमच्यापासून तो कोणी काढून नाई घेऊ शकणार. हे मी सांगून राह्यली."

या शेवटच्या वाक्यावर सोमारीबाई तयार झाली. मांडवावर नाही, कंपनीवर नाही, नाहीदच्या त्या वाक्यावर.

गोटुलाच्या भिंतींना गोधड्या टांगून आवाज भरला. 'बसा', 'तुमचं म्हणणं सांगा', 'सगळ्यांचं ऐकल्याशिवाय काही ठरणार नाही', 'पटत नसेल तर थांबा म्हणा', असली वाक्यं गोंडीत. मध्येच कोणाचा तरी कोंबडा आरवला आणि तो एका वाक्यामागे कायमचा बसला. पुन्हा भरू म्हटलं तर सोमारीबाई म्हणाली, राहू दे, कोंबडाही टोल्यातलाच आहे. बायका हसून लोळल्या. नाहीदने दुकान बंद झाल्यावर बसून थांबा म्हणायचं बटण स्वतः लिहिलं. ते कोणी दाबलं की ठराव जागच्या जागी थांबायचा आणि त्या माणसाचं बोलणं सगळ्या टोल्यांत ऐकू जायचं. कंपनीच्या शहाण्यांच्या मांडवात असलं काही नव्हतं, तिकडे फक्त हो आणि नाही.

हे सगळं कंपनीला पाठवायचं होतं, म्हणजे मूळ मांडवात जोडलं जाईल. टोल्यात ईमेल कोणाकडे? आणि तिथे दहा जणांनी मिळून केलेल्या कामावर कोणी एकटा आपलं नाव घालत नाही, टोल्याचं नाव घालतात. म्हणून नाहीदने 'कोसमटोला' नावाचं एकच खातं उघडलं आणि सगळं त्यातून पाठवलं. पाठवताना पडद्यावर एक लांबलचक इंग्रजी करार आला, खाली टिक करायची चौकट. हे माझं स्वतःचं काम आहे आणि याचे हक्क कंपनीला देत आहे, असा काहीसा मजकूर. तिने दानिशला फोन लावला. मी बाकावरच होतो. तो म्हणाला, सगळेच टिक करतात आपा, फॉर्मॅलिटी आहे, वकिलांसाठी असते. तिने टिक केलं. जो टोला सगळ्यांना पटल्याशिवाय वाळकं झाड तोडत नाही, त्याच्या वतीने एका चौकटीत एका बाईने एकटीने हो म्हटलं. तेव्हा आम्हा कोणाच्याच हे लक्षात आलं नाही.

मांडव चालला, आणि झकास चालला. टेकडीवर जिथे नेटवर्क मिळे तिथे माणसं फोन घेऊन बसत आणि सोमारीबाईचा आवाज ऐकून लाजत लाजत बोलत. एका म्हाताऱ्याने उतारावरचा बांबू तोडण्यावर थांबा दाबलं, त्याचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं, आणि तो उतार राखला गेला. पूर्वी त्याचा आवाज त्याच्या अंगणाबाहेर पोहोचला नसता. कंपनीची माणसं गाड्या घेऊन आली, फोटो काढले. सोबत दानिश. इसरूभाऊच्या अंगणात बसून त्याने कोंबडीचा रस्सा दोनदा मागून घेतला आणि इसरूभाऊचा हात हातात घेऊन म्हणाला की हे सगळं तुमचंच आहे. नाहीदला पुण्याला बोलावलं, स्टेजवर उभं केलं, टाळ्या वाजवल्या. परत आली तेव्हा एवढी खूश की एका गिऱ्हाइकाला तिने चक्क या-बसा म्हटलं. मी पेपराआडून पाहत होतो.

मग एके दिवशी कंपनीचं पत्र आलं. गोड इंग्रजी. आमच्या लाडक्या सभासदांनो, आमच्या प्रवासाचा नवा टप्पा वगैरे. कंपनीत मोठे पैसेवाले आले असणार. मांडवाची खुली सेवा महिनाअखेर बंद, परवाना, म्हणजे वापरायच्या अटी, बदलतोय, पण काळजी नको, कोड पूर्वीसारखाच सगळ्यांना पाहता येईल. पाहता येईल! मिठाईच्या काचेबाहेर उभं राहूनही पोराला पेढा पाहता येतो. वापरायचा असेल आणि तुम्ही अनेक गटांना सेवा देत असाल, तर कंपनीची संमती घ्यायची. आमचे टोले म्हणजे अनेक गटच.

नाहीद मात्र डगमगली नाही. तिने मला शांतपणे समजावलं की नवा परवाना पुढच्या आवृत्त्यांना लागेल. जी आवृत्ती एकदा खुली दिली ती मागे घेता येत नाही, त्यासाठीच तर ओपन सोर्स. तिच्या नवऱ्याने, बिलालने, सागवानाच्या उरलेल्या फळ्यांचं एक कपाट ठोकून दिलं, त्यात तिने एक जुना कॉम्प्युटर बसवला, आणि जुना मांडव इंटरनेटवरून उतरवून त्यावर चालू केला. चालला. तिने मला आत बोलावलं, खुर्ची दिली. मग तिने बटणं शोधायला सुरुवात केली, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

त्यात गोंडी नव्हती. सोमारीबाई नव्हती. थांबा नव्हतं. फक्त हो आणि नाही.

टोल्यांचं सगळं बोलणं कंपनीकडून परत मागितलं तर कागदांचे फोटो आले, आवाज एकही नाही. कपाटातला मांडव म्हणजे नुसते बांबू, वरचं छत दुसऱ्याच्या घरी. तिने तो सगळा कोड चाळला. बाहेरून एकच दिसणाऱ्या मांडवाचे पहिल्यापासून दोन भाग होते, एक खुला आणि एक कंपनीचा बंद. टोल्यांनी बनवलेलं सगळं बंद भागात गेलं होतं. त्या चौकटीतल्या एका टिकमुळे कंपनीला ते कुठेही ठेवायचा हक्क होता. आणि 'मांडव' हे नावसुद्धा कंपनीचं, ते वापरायचं नाही, अशी ओळ खाली होतीच.

तिने दानिशला फोन केला नाही. तो खालूंच्या आजारपणासाठी घुग्घुसला आला आहे हे कळलं तशी ती सकाळच्या गाडीत बसली. मीही बसलो. कोणी बोलावलं नव्हतं, पण तिचा चेहरा पाहून एकटीला जाऊ देणं बरं वाटेना. घुग्घुसला उतरलो तर रस्त्यावर नेहमीची काळी धूळ, ट्रकांची रांग, पाळी सुटलेल्या माणसांच्या मोटारसायकली. खालाने ओल्या फडक्याने खुर्च्या पुसून दिल्या. खालू आत झोपले होते, म्हणून सगळं बोलणं हळू आवाजात झालं. ओरडून भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दानिश म्हणाला, मी खोटं कुठे बोललो? कोड खुलाच होता, आजही आहे. नाहीदने विचारलं, आमचा हिस्सा कुठे आहे? तो म्हणाला, मोठ्या गिऱ्हाइकांच्या आवृत्तीत. तोच हिस्सा तर विकला जातो आपा, तुम्ही इतका चांगला केला. हे त्याने कौतुकाने सांगितलं. त्याला खरोखर वाटत होतं की आपण कौतुक करतोय.

"कोणं टाकला तो तिकडं?"

"मीच टाकला. कोणालेतरी टाकाच लागला असता."

"कधी?"

 तो म्हणाला, पहिल्यापासूनच. तू पाठवलं त्याच दिवशी.

म्हणजे रस्सा दोनदा मागून घेतला तेव्हा त्याला माहीत होतं. इसरूभाऊचा हात हातात घेतला तेव्हाही, आणि पुण्यात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता तेव्हाही. नाहीदने खाली पाहत विचारलं, "मी फोन केल्ता तवा काऊन नाई सांगतलं मले?"

"सांगतलं असतं तं तू पाठवलंच नसतं, आपा."

एवढं सरळ उत्तर मी आयुष्यात क्वचित ऐकलं आहे. खालाने चहा आणला होता. नाहीदने तो घेतला नाही, आणि बहिणीच्या मुलीने आपल्या घरचा चहा का नाकारला हे त्या बिचारीला कळलं नाही. परतीच्या गाडीत नाहीद खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला दानिशची इतकी चीड आली होती की मी कंडक्टरवर विनाकारण खेकसलो.

हे निस्तरतंय न निस्तरतंय तोच सोमारीबाई दुकानात आली. कोसमटोल्याहून एवढ्या लांब ती एकटी कधी येत नसे. दुकानात गिऱ्हाइकं होती, ती दाराशीच उभी राहिली. तिची लेक दिलेल्या गावाकडे एका खाणीसाठी लोकांचं म्हणणं विचारायला मंडप टाकला होता. खाणवाल्यांनी माणसांच्या हातात टॅब दिले होते. लेकीबरोबर सोमारीबाईही जाऊन बसली. आणि टॅब गोंडीत बोलू लागला. बसा. तुमचं म्हणणं सांगा. सगळ्यांचं ऐकल्याशिवाय काही ठरणार नाही. मागे कोंबडा आरवला.

"मी तिथी बोलून राह्यली होती, अन् मी तिथीच बसली होती," सोमारीबाई म्हणाली.

लेकीच्या सासरची माणसं तिच्याकडे वळून पाहू लागली. तू त्यांच्याकडून कधी झाली, असं एकाने विचारलंही. पुढे टॅबमधली सोमारीबाई म्हणाली, पटत नसेल तर थांबा म्हणा. लोकांनी बटण शोधलं. बटण नव्हतंच. खाणवाल्यांसारख्या विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नको असेल तर ते काढता येतं, तशी कंपनीने सोय ठेवली होती म्हणे. आवाज तेवढा राहून गेला होता. लोक 'थांबा, थांबा' असं टॅबला तोंडाने सांगत राहिले, आणि शेवटी टॅबवर आलं की आपला प्रतिसाद नोंदवला, धन्यवाद.

लेकीला सासरी बोलणी बसली. सोमारीबाई हे सांगताना रडली नाही, चिडली नाही. नाहीदच रडली, गिऱ्हाइकांसमोर. ते मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या संध्याकाळी तिने दानिशला फोन लावला आणि त्याने एक मुद्दा काढला जो मला आजपर्यंत पचत नाही. तो म्हणाला, सगळं खरंखुरं खुलं असतं तरी खाणवाल्यांनी हेच केलं असतं. खुलं म्हणजे कोणत्याही कामाला. बटणही काढलं असतं, तो बदलायचा हक्कच आहे. तूच तर त्या बाईला सांगितलं होतं, चांगला वापरेल, वाईट वापरेल. मला वाटलं आता ही शिव्या देईल.  ती म्हणाली, खरं आहे तुझं. त्यांनी केलं असतं. पण मग आम्हीही आमचा मांडव घेऊन त्याच मंडपात जाऊन बसलो असतो, बटणासकट, त्याच आवाजात. खाणवाल्यांना उघडा आणि ज्यांनी बनवला त्यांना बंद, याला खुलं म्हणायची लाज वाटत नाही का तुला? फोन तिने ठेवला आणि तो नंबर पुन्हा उचलला नाही. ईदला खाला येऊन गेली, दानिश बाहेर गाडीत बसून राहिला.

पुढे तिने जे केलं त्याबद्दल मी तिला मानतो. तिने दुसरी व्यवस्था शोधली. या वेळी नावावर भाळली नाही. परवाना स्वतः शब्द न् शब्द वाचला. काम करणाऱ्यांकडून हक्क लिहून घेतात का, ते पाहिलं. घेत नव्हते, ज्याचं काम त्याच्याच नावावर राहत होतं, त्यामुळे सगळ्यांचं म्हणणं घेतल्याशिवाय एकट्या कोणाला ते बंद करता येणार नव्हतं. बंद भाग वेगळा ठेवला आहे का, ते पाहिलं. नव्हता. आपलं सगळं बोलणं, आवाजासकट, एका रात्रीत उचलून दुसरीकडे नेता येतं का, ते नुसतं विचारलं नाही, नेऊन पाहिलं. निर्णय कोण घेतं ते पाहिलं, तर वेगवेगळ्या देशांतली माणसं उघड्यावर भांडत घेत होती, आणि ती भांडणं कोणालाही वाचता येत होती. ते पाहून मला इसरूभाऊची सभा आठवली. थांबाचं बटण तिने पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. जुनं स्वतःचंच होतं, पण त्याला हात लावायची तिला आता चोरी होती. कॉम्प्युटर या वेळी दुकानात नाही, कोसमटोल्याच्या गोटुलात, सोलरवर. बिलालने ते सागवानी कपाट गाडीत घालून तिथे नेऊन दिलं.

सभा बसली. नाहीदने आधी झालेलं सगळं सांगितलं, स्वतःच्या टिकसकट. इसरूभाऊने एकेकाला विचारलं. तिथे कोणी तिला टाकून बोललं नाही. नव्या यंत्राला सगळे हो म्हणाले, सोमारीबाईसुद्धा. आवाज आता दीपिका देईल असं ठरलं. ती इसरूभाऊची सून, शाळेत शिकवते. मला हायसं वाटलं. मग सोमारीबाईने नाहीदकडे पाहिलं आणि गोंडी सोडून मराठीत बोलली, म्हणजे मध्ये कोणी सांगायला नको.

"त्या खानवाल्यायच्या मशीनमंधला माझा आवाज बंद कर."

नाहीद म्हणाली, "ते माझ्या हातात नाई, बाई."

"तू त सांगतलं होतं, माझ्यापासून कोणी नाई काढून घेनार."

"सांगतलं होतं."

"मी कंपनीले हो नोव्हती म्हटली. मी तुले हो म्हटली होती."

  तिकडे कोणी बोलत असताना मध्ये बोलायची रीत नाही, आणि सोमारीबाईचं बोलणं संपलेलं नव्हतं. ती म्हणाली, यापुढे मी बोलेन ते इथे बसलेल्यांशी बोलेन. कोणत्याही मशीनसमोर नाही, खुल्या नाही आणि बंद नाही.

नवी व्यवस्था आज चालू आहे. आणखी टोले जोडले गेले, पलीकडच्या तालुक्यातली माणसं येऊन ती शिकून गेली, आणि त्यांनी ती आपल्या मनासारखी बदलूनही घेतली. कोणी परवानगी विचारली नाही, विचारायची गरजही नव्हती. नाहीद दर सभेला जाते, कधीमधी मीही जातो. सोमारीबाईशिवाय तिथे काही ठरत नाही, ती पूर्वीही रीत होती आणि आजही आहे. तिची बोलायची वेळ आली की इसरूभाऊ नाहीदकडे पाहतो. नाहीद उठते, सगळ्यांचे फोन एका टोपलीत गोळा करते, कॉम्प्युटरची तार काढते, आणि टोपली घेऊन गोटुलाबाहेर जाते. फोन बाहेर ठेवून आत येऊन बसायला तिला कोणी मनाई केलेली नाही. एकदा मी तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, भाऊ, बाईले माहा भरोसा नाई, अन् बाई चुकीची नाई.

मग आत सोमारीबाई बोलते आणि नाहीद टोपली धरून बाहेर उभी राहते. आत काय ठरतंय ते तिला ऐकू येत नाही. बोलणं संपल्यावर दीपिका दारात येऊन हात करते, तेव्हा ती आत जाते.